सुट्टी मेहकरची, माहेर मंठाळचं

॥ मल्लण्णा प्रसन्न ॥

भोसरी, पुणे
१२ सप्टेंबर २००२

ती. अप्पांच्या चरणी रेणूचा सा. न. चि. मल्लेश व सौ. मनीषा यांस अ. आ., आणि तुमच्या छोट्या भाग्याला गोड पापा. वि. वि.

मल्लू, हे पत्र अप्पांना जरा मोठ्यानं वाचून दाखव. मधलं गाळू नकोस. मागच्या वेळी तू गाळलंस ते मला फोनवर कळलं.

इकडे आम्ही सगळे ठीक. तुझ्या दाजींची आता दिवसपाळी झाली आहे, त्यामुळे घरात माणूस दिसतं. माझी बालवाडी चालू आहे. लहान पोरांची नाकं पुसून दिवस जातो, पण बरं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. यंदा दिवाळीची सुट्टी आम्ही मेहकरला काढणार आहोत. भाऊबीज उरकून लगेच पळायचं नाही, पुढेही राहायचं. लग्नानंतर इतकी सलग मी राहिलेच नाही. झालं असं, की ह्यांच्या कंपनीतला एक जण पाचगणीकडे कुठल्याशा निसर्गनिवासात राहून आला. त्यानं फोटो दाखवले. बाहेरून मातीच्या भिंती आणि आत गार हवेचं मशीन. संध्याकाळी चुलीवरची भाकरी देतात आणि बैलगाडीतून चक्कर मारून आणतात. हे एकदम भुलले. तेव्हा आमची स्नेहल म्हणाली, की मामाकडे हे सगळं आहेच आणि वर मशीनही नाही. ह्यांनी फोटो परत करून टाकले.

स्नेहल आता सहावीत आहे. शाळेत पर्यावरण मंडळ काढलंय, त्याची ती चिटणीस. तिनं आमच्या सुट्टीचे कायदे केलेत. जीप करायची नाही, एसटीनं उदगीर आणि तिथून कर्नाटकाच्या गाडीनं यायचं. फटाके नाहीत. प्लास्टिकचे पेले, पिशव्या, पुडे काही आणायचं नाही. अंघोळीला शिकेकाई, म्हणजे रानात जाणारं पाणी घाण होत नाही. आणि आपला कचरा आपण परत न्यायचा. तुमच्या गावाला आमच्यामुळे काही त्रास व्हायला नको, असं तिचं म्हणणं.

म्हणून मल्लू, आमच्यासाठी काही म्हणजे काही करू नकोस. आहे तसंच राहू दे. छपरात झोपू, विहिरीवर अंघोळ करू.

माया आहेच, ती पत्रातून पोचवत राहा.

तुझी अक्का
रेणू

॥ मल्लण्णा प्रसन्न ॥

मेहकर, ता. भालकी, जि. बिदर
२४ सप्टेंबर

ती. रेणू अक्कास मल्लेशचा शि. सा. न. दाजींना नमस्कार, स्नेहलला आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. अप्पाला पुरं वाचून दाखवलो, मग परत वाचायला लावले, मग निंगप्पाच्या हाटेलात नेऊन तिथं वाचायला लावले. आता गावात तू येयलीस हे ठावं नसलेलं माणूस न्हाई.

काही करू नको म्हणालीस. अक्का, असं कसं जमंल? दाजी लग्नात आले त्यानंतर धड राहिलेच न्हाईत. भालकीच्या मिस्त्रीला सांगून आंगणात शहाबादी फरशी बसवायलो. उदगीरहून पिलास्टिकच्या खुर्च्या आणल्यात, लाल. अप्पा एकीवर बसतेत आन उठतच न्हाईत. छपराला पत्रा टाकायचा इचार हाय, दाजीच्या अंगावर काडीकचरा पडू नये म्हणून. सीलबंद पाण्याच्या बाटल्या भालकीत मिळतेत, किती आणू ते कळव.

स्नेहलला सांग, कचरा परत न्यायची बात मला उमगली न्हाई. आपल्याकडं ताटात उरलेलं म्हशीला, म्हशीचं उकिरड्याला, उकिरड्यातलं रानाला. न्यायला ठेवतोय कोण? हां, गुटख्याच्या पुड्या मात्र गावभर हायत. त्या घेऊन गेलीस तर ग्रामपंचायत तुझा सत्कार करील.

उडीद-मूग निघाला. सोयाबीन काढायला आलंय. तूर बरी हाय. अप्पाची मेंढरं आता थोडकीच उरलीत, पण रोज सकाळी घोंगडं घेऊन मागं जातेत. गुडघा दुखतोय म्हणून सांगत न्हाईत.

मनीषा खुशीत हाय. ती या दिवाळीला मंठाळला माहेरी जायचं म्हणत होती, पण तुझं पत्र आलं तसं तिनंच रद्द केलं. अक्का येयलेत तर मी कशी जाऊ म्हणाली. आता चकलीची भाजणी कधी भाजायची त्याच्या मागं लागलीय.

बस कुठली, किती वाजता, सगळं लिही. घ्यायला उदगीरपर्यंत येतो.

आठवण ठेवता हीच मोठी गोष्ट.

तुझा
मल्लेश

॥ श्री ॥

भोसरी
३ ऑक्टोबर

चि. मल्लेशास अ. आ. ती. अप्पांना सा. न. वि. वि.

फरशीचं वाचून स्नेहल रडायची बाकी होती. शेणानं सारवलेल्या आंगणात रांगोळी काढायची म्हणून ती केव्हापासून बोलतेय. पण तिला मी म्हणाले, की ते आंगण तुझं नाही, मामीचं आहे. फरशी मनीषाला हवी असेल तर घाल, तिचं सारवण वाचेल. आमच्यासाठी घालत असशील तर थांब. खुर्च्या आणल्यास तर आणल्यास. पत्रा मात्र टाकू नकोस, दुपारी तव्यासारखा तापतो. आणि पाण्याच्या बाटल्या आणल्यास तर मी उदगीरहूनच परत फिरेन.

मल्लू, मनीषानं मंठाळ रद्द केलं हे तू चकलीच्या जोडीला लिहून मोकळा झालास. दोन ओळींत. मी त्याच ओळींवर अडकले आहे. सोबतचा कागद तिला दे. तो तिचा आहे, तू वाचू नकोस.

अप्पांना सांग, गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांधा.

तुझी अक्का

(सोबतचा कागद)

सौ. मनीषास अ. आ.

तू माहेरी शेवटची कधी गेलीस ते मला लिही. मल्लेशला विचारून नको, तुझं तू. तुझ्या आईचं कसं चाललंय? मी इकडे माहेरची सुट्टी ठरवत बसले आणि त्याच घरातून तुझं माहेर मोडलं, हे मला बरं वाटलेलं नाही. मोकळेपणानं लिही, मी कुणाला वाचून दाखवणार नाही.

रेणू

॥ श्री ॥

मेहकर
१२ ऑक्टोबर

ती. सौ. रेणू अक्का यांना मनीषाचा सा. न. वि. वि.

अक्का, मला पत्र लिहायची सवय राहिली न्हाई. शाळा सुटल्यापासून हे पहिलंच. चुकलं तर हसू नका.

माझ्या जाण्याचं काही एवढं मनावर घेऊ नका. दिवाळीला लेक माहेरी येती ही रीतच हाय, आन ह्या घरची लेक तुमी. तुमी येणार आन मी जाणार हे बरं दिसत न्हाई. आपण दोघी एकाच दिवाळीला माहेरी कशा जायच्या?

तुमी इचारलात म्हणून सांगते. गेल्याच्या गेल्या पंचमीला गेले होते. त्यानंतर जमलं न्हाई. एकदा म्हैस व्याली, एकदा अप्पांना ताप होता, एकदा मळणीची रास चालू होती. कुणी जाऊ नको म्हणलं न्हाई, पण माझ्या जागी चुलीपुढं बसणारं कुणी न्हाई. ह्यांना चहापलीकडं काही येत न्हाई.

माय एकटीच असती. दादा, म्हणजे आमचा गुंडेराव, वहिनीला घेऊन हैदराबादला बांधकामावर गेलाय. मायला चला म्हणला, ती गेली न्हाई, माझं घर सोडत न्हाई म्हणाली. मंठाळहून कुणी बाजाराला आलं तर निरोप येतो, कोंडाबाई बरी हाय म्हणून. दर वेळी तेच, बरी हाय. मागं शेजारची अक्कम्मा भालकीत भेटली. ती म्हणाली, तुझी माय आजकाल सांजच्याला दिवा लावत न्हाई, इचारलं तर तेल कशाला जाळू म्हणती. मायचा असला सोभाव न्हाई. ते डोक्यातून जाईना झालंय, एवढंच.

फरशीचं तुमी लिहिलात ते ह्यांनी मला येऊन इचारलं. पहिल्यांदाच इचारलं. मी व्हय म्हणले. वाकून वाकून कंबर धरती माझी. स्नेहलला रांगोळीसाठी तुळशीपुढचा तुकडा सारवून ठेवते.

तुमची माया कमी होऊ देऊ नका.

आपली
मनीषा

॥ श्री ॥

भोसरी
१८ ऑक्टोबर

सौ. मनीषास अ. आ. वि. वि.

तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

मी ठरवलंय. आम्ही शनिवारी सकाळी पोचतो. एक रात्र तू आणि मी बोलत बसू. म्हैस, चूल, अप्पांच्या पथ्याचं सगळं मला समजावून दे आणि रविवारी सकाळच्या गाडीनं तू मंठाळला जा. पुढच्या रविवारपर्यंत मेहकरचं घर मी चालवते. त्या घरात मी जन्मले, वाढले. मला येत नाही असं कुणी म्हणू नये. हां, म्हशीचं मात्र मी खात्री देत नाही.

स्नेहलला सांगितलं तर ती टाळ्याच पिटायला लागली. पाहुण्यांमुळे गावावर भार पडू नये हे तिच्या कायद्यात सगळ्यात वर आहे, आणि मामी राबतेय नि आम्ही निसर्ग बघतोय ही कसली सुट्टी, असं तीच म्हणाली. हे म्हणाले, दूध मी काढतो. ह्यांचं बालपण आळंद तालुक्यातल्या खेड्यात गेलंय, पण म्हशीला ते ठाऊक आहे की नाही देव जाणे. भाग्याला माझ्याकडे राहू दे, दोघी पोरी खेळतील.

अप्पा काही म्हणाले तर माझ्यावर ढकल. मल्लेशला मी स्वतंत्र कार्ड टाकलंय. तू नाही म्हणू नकोस.

तुझीच
रेणू अक्का

॥ मल्लण्णा प्रसन्न ॥

मेहकर
२६ ऑक्टोबर

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड अप्पाला वाचून दाखवलो. अप्पा कार्ड हातात घेऊन उलटून बघितले. मग म्हणाले, लेक आली आन सून गेली, लोकांना काय सांगू? सासऱ्यानं सुनेला हाकललं म्हणतील, न्हाईतर नणदेला बघून पळाली म्हणतील. मी सांगितलो, तिची माय एकटी हाय. तर म्हणाले, माय तर बाराही महिने हाय, दिवाळीच कामून? त्या दिवशी जेवले न्हाईत.

खरं सांगू अक्का, मलाबी अवघडच वाटलं. घरची बाई सणाला घरात न्हाई हे डोळ्यापुढं येईना. पण मी मनीषाकडं बघितलो. ती भांडी घासत होती, आन कार्ड आल्यापासून पहिल्यांदा तिनं पिशवी काढून झटकून उन्हात टाकली होती. ती पिशवी बघून मला पुढं बोलवंना. जा म्हणलो.

अप्पाचं अजून मन वळलं न्हाई. पण आज सकाळी मनीषाला म्हणाले, जाताना तुझ्या मायला, ईनबाईला, तुरीच्या शेंगा न्हे. एवढंच. आमी दोघांनी ते व्हय असंच धरलंय.

पत्रा टाकला न्हाई. बाटल्या आणल्या न्हाईत. उदगीरला लाल गाडीपाशी उभा राहतो.

येताना नुसता लोभ घेऊन या, दुसरं काही नको.

मल्लेश

॥ श्री ॥

मेहकर
७ नोव्हेंबर

सौ. मनीषास अ. आ., तुझ्या आईंना नमस्कार. वि. वि.

हे पत्र बसवकल्याणच्या गाडीवरच्या कंडक्टर शिवय्याच्या हाती देते आहे. मंठाळला उतरणाऱ्या कुणाकडे तरी तो देईल म्हणाला.

तू गेलीस त्या दिवशीची पहिली भाकरी अप्पांनी उचलून उजेडाकडे धरून पाहिली. मग खाल्ली ताकात कुस्करून. परवापासून नीट जमायला लागली आहे. आता तव्यावर फुगली की भाग्या मला शाबासकी देते. म्हशीनं मात्र ह्यांना जवळ येऊ दिलं नाही. शेवटी मी तुझं जुनं लुगडं अंगाला गुंडाळून बसले, तेव्हा तिनं पान्हा सोडला. हे लांबून बघत होते. गावची जनावरंसुद्धा ओळखीवर चालतात, असं म्हणाले.

पाडव्याला स्नेहल आणि भाग्यानं शेणाचे पांडव केले, त्यांना तुरीची फुलं लावली. फटाका एकही नाही. गल्लीतली पोरं पहिल्यांदा हसली, मग पांडव करायला येऊन बसली. कालपासून स्नेहल पोतं घेऊन गुटख्याच्या पुड्या वेचते आहे. निंगप्पाच्या हॉटेलापुढं एवढ्या निघाल्या, की त्यानं शरमून दाराशी रिकामा डबा ठेवला. भाऊबीजेला मल्लेशला ओवाळलं. अप्पा एकदम म्हणाले, त्या पोरीच्या भावानं आज हैदराबादेत कुणाकडून ओवाळून घेतलं असंल? तुझी आठवण त्यांनी काढली हे तुला कळावं म्हणून लिहिते.

विहिरीवरून घागरी आणताना खांदा गेला माझा. सुट्टीत काय काय केलं असं बालवाडीतल्या दुसऱ्या बाई विचारतील, तेव्हा खांदाच दाखवीन. पण मनीषा, खोटं नाही सांगत, संध्याकाळी रानाकडून अप्पांची मेंढरं परत येतात, धूळ उडते, दोघी पोरी त्यांच्यामागून ओरडत येतात, तेव्हा वाटतं की ह्यापेक्षा दुसरी सुट्टी नको.

ह्यांची रजा संपते आहे. सोमवारी सकाळी आम्हाला निघायलाच हवं. तू रविवारी येशील ना? काल भालकीहून आलेल्या एकानं सांगितलं, की तुझा निरोप आहे, कदाचित जमणार नाही. नीट कळलं नाही. काय झालंय ते लिही.

तुझी वाट बघणारी
रेणू

॥ श्री ॥

मंठाळ, ता. बसवकल्याण
८ नोव्हेंबर

ती. रेणू अक्का यांना सा. न. वि. वि.

शिवय्या परत जाताना हे घेऊन जाईल, म्हणून घाईत लिहायले.

अक्का, मायला दिसत न्हाई. मी दारात उभी राहिले तर म्हणाली, कोण हाय? मी मुद्दाम बोलले न्हाई. जवळ आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, गळ्यातले मणी चाचपले, मग म्हणाली, मनी. एका डोळ्यानं निव्वळ उजेड कळतो, दुसऱ्यानं तेवढाबी न्हाई. दिवा कामून लावत न्हाई ते मग कळलं. हाताला भाजल्याचे डाग हायत. चूल चाचपून पेटवती. विहिरीवर अक्कम्माच्या मागं तिच्या पैंजणाच्या आवाजावर चालत जाती. आन सगळ्यांना निरोप देती, बरी हाय. दादाचं काम सुटंल म्हणून त्याला कळवू दिलं न्हाई. माझा संसार म्हणून मला कळवू दिलं न्हाई. अक्कम्माला देवाची आन घातली होती.

मी तिला बसवकल्याणला दाखवून आणलं. डाक्टर म्हणाले मोतीबिंदू हाय, पिकलाय, बिदरला आपरेशन होतं, दिसंल. पण आधी नीट खायला पायजे, अंगात रगत न्हाई, महिनाभर थांबा.

मी महिनाभर कशी थांबू? आन हिला सोडून कशी येऊ? माझ्याकडं चल म्हणले तर म्हणती, लेकीच्या घरचं पाणी पिऊन दिवस काढू का, तुझ्या सासऱ्यापुढं कसं तोंड दाखवू. काल दिवसभर समजावले. पाठ फिरवून बसली.

तुमाला सोमवारी जावं लागतंय हे मला ठावं हाय. तुमाला आडवायचं न्हाई. पण काय करू हे दुसऱ्या कुणाला इचारू? अप्पांना सांगू नका. आधीच माझ्या येण्यानं त्यांच्या मनाला लागलंय, आता हे कळलं तर काय म्हणतील.

तुमची
मनीषा

॥ श्री ॥

मेहकर
१० नोव्हेंबर, सकाळी

सौ. मनीषास अ. आ.

तुझं पत्र मी काल अप्पांना वाचून दाखवलं. तू नको म्हणालीस तरी. रागावायचं तर रागाव.

मल्लेश ऐकून लगेच म्हणाला, मी जातो आणि दोघींना घेऊन येतो. अप्पा उठून मेंढरांकडे गेले. मला वाटलं, झालं, आता पुन्हा जेवणार नाहीत. पण दुपारी आले, जेवले, आणि मल्लेशला म्हणाले, "तू गेलास तर जावई न्यायला आला म्हणून ती येणार न्हाई. मीच जातो." आज सकाळी धुतलेला पटका बांधून, घोंगडं खांद्यावर टाकून तयार बसले आहेत. गुडघ्याचं मी विचारलं, तर म्हणाले बसमध्ये गुडघा लागत न्हाई.

हे पत्र त्यांच्याच हातात देते आहे. आम्ही उद्या निघतो, तुमची भेट होणार नाही याचं वाईट वाटतं. पण मी तुला अडकवून ठेवून इथं वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं. उद्याच्या भाकऱ्या करून झाकून ठेवते, भाग्या मल्लेशपाशी राहील.

तिकडे काय झालं ते मला सविस्तर लिही. अप्पा सांगणार नाहीत.

तुझी
रेणू

॥ श्री ॥

मेहकर
२० नोव्हेंबर

ती. रेणू अक्का यांना मनीषाचा सा. न., दाजींना नमस्कार, स्नेहलला आशीर्वाद. वि. वि.

तुमी सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. आमी सगळे मेहकरला हाव. सगळे म्हणजे मायबी.

सविस्तर लिही म्हणालात म्हणून लिहिते. अप्पा आले ते आत आले न्हाईत. बाहेर कट्ट्यावर टेकले, पाणी मागितले. मायनं आवाज ओळखला. डोईवर पदर घेऊन भिंतीच्या आडोशाला बसली. मी मधी उभी, मला काय करावं ते सुचंना. अप्पा पावसाचं बोलले, तुरीचं बोलले, जागोजाग बोर मारल्यानं विहिरी कशा आटल्या ते बोलले. मला वाटलं आता उठून जातील.

मग म्हणाले, "ईनबाई, मी सोयरा म्हणून आलो न्हाई. आपली सोयरीक व्हायच्या आधी तुमच्या मालकाच्या रानात मी खतासाठी मेंढरं बसवायचो. तवा माझी बायकापोरं तुमच्या बांधावर राहिली, तुमच्या विहिरीचं पाणी प्याली. तुमी कधी इचारलं न्हाई, कुणाच्या घरचं पाणी पिता म्हणून. आता तुमी माझ्या वस्तीला चला. डोळा बरा झाला की वस्ती उठवा."

अक्का, हे मला ठावंच नव्हतं. आमच्या रानात मेंढरं बसायची तेवढं आठवतंय, कुणाची ते आठवत न्हाई. बांधावर तुमी असाल, हे असतील, लहानपणी. मायनं डोळ्याला पदर लावला का घाम पुसला कळलं न्हाई. मग मला म्हणाली, कोंबड्या अक्कम्माकडं सोडाव्या लागतील. मी पिशवी भरायला घेतली.

बसमधी अप्पा पुढं आन आमी मागं बसलो. भालकीला गाडी बदलताना गर्दी झाली, मायला पायरी दिसंना. अप्पांनी आपली काठी तिच्याकडं केली, तिनं टोक धरलं. गावात उतरल्यावर निंगप्पाच्या हाटेलापुढं सगळे बघायले. अप्पा थांबले आन मोठ्यानं सांगितले, आमची ईन हाय, मंठाळची, डोळ्याला आणलंय. इचारायच्या आधीच सांगून टाकले.

बाया बोलतात. विहिरीवर एकजण म्हणाली, आता सुनेचं अख्खं माहेर येऊन राहील. मी ऐकून घेतले. घरात कुणी काही म्हणलं न्हाई, मग बाहेरच्याचं काय.

तुमी चूल लई सोच्छ ठेवली होती. मीठ मात्र कुठं ठेवलात ते दोन दिवस सापडलं न्हाई.

लोभ तुमीच लावलात, आता आवरू नका.

आपली
मनीषा

॥ श्री ॥

मेहकर
६ फेब्रुवारी २००३

ती. रेणू अक्का यांना मनीषाचा सा. न. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ आन पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, रास चालू होती.

मायच्या एका डोळ्याचं आपरेशन बिदरला झालं हे ह्यांनी फोनवर सांगितलंच हाय. आता चष्मा आलाय. पट्टी सुटल्यावर तिनं मला बघितलं आन म्हणाली, किती वाळलीस. मग अप्पांकडं बघून म्हणाली, हे तर पार म्हातारे झाले. अप्पा रागावून रानात गेले. आता रोज दोघांचं भांडण असतं, मेंढराला काय चारावं, ज्वारी कशी राखावी. ती ओट्यावर, ते झाडाखाली, दोघं एकमेकांकडं न बघता भांडतात. अप्पा वेळेवर जेवायलेत.

गुंडेराव दादा संक्रांतीला आला होता. मायला बघून लई रडला, मला कळवलं कामून न्हाई म्हणाला. माय म्हणाली, कळवलं असतं तर तू काम सोडून आला असतास, मग खाल्लं काय असतंस. दादानं अप्पांचे पाय धरले. अप्पांनी त्याला हैदराबादच्या हवेचं इचारलं आन ज्वारीच्या हुरड्याला बसवलं. दुसरा डोळा उन्हाळ्याआधी करायचा. मग माय मंठाळला जाणार. आमी राहा म्हणलो, ती न्हाईच म्हणती. वस्ती उठवायची बोली होती म्हणती.

स्नेहलनं इचारलंय, पुढची सुट्टी कुठं काढायची आन उन्हाळ्यात आलं तर चालंल का. उन्हाळ्यात येऊ नका अक्का. विहीर तळाला जाती, आमालाच घागरीवर दिवस काढावे लागतात. हे आधी मी लिहिलं नसतं, आता लिहायले. दिवाळीला या, पण मेहकरला न्हाई. मंठाळला या. मायचं घर दिवाळीपासून बंद हाय, वाळवी लागली असंल, भिंतीची माती सुटली असंल. ह्या वेळी तुमी, दाजी, स्नेहल, आमी तिघं, जमला तर दादा. अप्पा येणार न्हाईत म्हणालेत, पण मेंढरं तिकडच्या रानात बसवायची का असं कुणाला तरी इचारत होते.

हे लिहिताना माय शेजारी बसलीय. वाचून दाखव म्हणाली, दाखवलं. तर म्हणती, त्या पोरीला पुण्याहून पाव्हणी म्हणून बोलवायलीस का भिंती लिंपायला? मी म्हणले, दोन्हीला. म्हणाली, मग तसं साफ लिही, उगं फसवू नको.

तसं लिहिलंय.

वाट बघणारी
मनीषा